रक्तातील दाहदर्शक आणि पित्तवाहिनीचा कर्करोग

बावडा हे इंदापूर तालुक्यातील, इंदापूर-अकलूज रस्त्यावरचे गाव. तेथील साठी ओलांडलेल्या एका शेतकऱ्याची आपण कल्पना करू आणि त्यांना आप्पा म्हणू. आप्पांचे डोळे पिवळे दिसू लागले. लघवी गडद झाली, शौचाचा रंग मात्र पांढुरका, मातकट झाला. अंगाला खाज सुटली. पोटात दुखत नव्हते, म्हणून कोणी फारसे मनावर घेतले नाही. कावीळ म्हणून शेजारच्या जाणत्याकडून गळ्यात माळ बांधून घेतली. तीन आठवडे गेले आणि एके रात्री थंडी वाजून ताप भरला. सकाळी अकलूजला नेऊन सोनोग्राफी केली, तेव्हा यकृतातील पित्तवाहिन्या फुगलेल्या दिसल्या. वाटेत कोठेतरी अडथळा होता. डॉक्टरांनी कर्करोगाची शंका बोलून दाखवली आणि मोठ्या रुग्णालयात जाण्यास सांगितले.

रक्ताचा रिपोर्ट घरी आला. न्यूट्रोफिल ७८ टक्के, लिम्फोसाइट १३ टक्के, सी.आर.पी. ९६, अल्ब्युमिन ३.०. आप्पांची नात बारावीला आहे. तिने कोठेतरी वाचले होते, की न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटने भागावे आणि उत्तर पाचाच्या वर आले तर अशा कर्करोगाचा रुग्ण फार काळ जगत नाही. तिने भागाकार केला. उत्तर आले ६. घरात कुजबुज सुरू झाली, “आता पुण्या-मुंबईला नेऊन तरी काय उपयोग?”

आप्पा काल्पनिक आहेत, पण हा प्रश्न काल्पनिक नाही. रक्तातील काही साध्या आकड्यांचा आणि कर्करोगाच्या रुग्णाच्या आयुर्मानाचा संबंध जोडणारे संशोधन गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुष्कळ झाले आहे, आणि त्यात तथ्य आहे. ते तथ्य नेमके किती आणि कोणत्या अर्थाने, हे समजून घेण्याचा प्रयत्न आपण करणार आहोत. त्यासाठी लागणारे गणित शाळेत शिकवले जाते तेवढेच आहे.

पित्ताची वाट

बावड्याजवळच नीरा नरसिंहपूर आहे. तेथे नीरा भीमेला मिळते आणि पुढे एकच पात्र पंढरपूरकडे जाते. यकृतातील पित्ताची रचना अशीच आहे. यकृताच्या पेशी पित्त तयार करतात. ते बारीक बारीक नळ्यांतून गोळा होत यकृताच्या उजव्या आणि डाव्या भागातून येणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्यांत येते. या दोन वाहिन्यांचा यकृताच्या दाराशी संगम होतो. पुढे पित्ताशयाकडून येणारी नळी तिला मिळते आणि ही सामाईक पित्तवाहिनी स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाऊन लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उघडते.

या वाटेच्या आतील अस्तराच्या पेशींत होणारा कर्करोग तो पित्तवाहिनीचा कर्करोग. तो यकृताच्या आतील नळ्यांत, संगमावर किंवा खालच्या भागात होऊ शकतो. संगमावरील गाठींचे वर्णन अमेरिकन वैद्य जेराल्ड क्लॅट्स्किन यांनी १९६५ मध्ये १३ रुग्णांच्या आधारे केले, म्हणून तिला क्लॅट्स्किनची गाठ असेही म्हणतात. पित्ताशयाचा कर्करोग हा याचा शेजारी. तो उत्तर भारतात गंगेच्या खोऱ्यात अधिक आढळतो. पित्तवाहिनीचा कर्करोग आपल्याकडे त्या मानाने दुर्मीळ आहे.

चारीत गाळ अडकला की पाणी मागे तुंबते आणि नको त्या शेतात पसरते. पित्तवाहिनी अडली की तसेच होते. पित्त आतड्यात पोचत नाही, म्हणून शौचाचा रंग जातो. पित्तातील बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य रक्तात उतरते, म्हणून डोळे व त्वचा पिवळी होते. तेच मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, म्हणून लघवी गडद होते. आप्पांची सगळी लक्षणे या एका अडथळ्यातून निघाली आहेत.

दाह म्हणजे काय?

पायात बाभळीचा काटा मोडला, की दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठसठसते. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात नोंदवली. दाह म्हणजे शरीराने इजेला किंवा जंतूंना दिलेले उत्तर. त्या जागेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंतीतून द्रव आणि पांढऱ्या पेशी बाहेर पडतात, जंतूंना आणि मेलेल्या पेशींना गिळतात आणि मग दुरुस्तीचे काम सुरू होते. काम संपले की दाह ओसरतो.

पण कारण दूर झाले नाही तर दाह रेंगाळतो. पेशी मरत राहतात, त्यांची जागा घ्यायला नव्या पेशी विभागत राहतात, आणि प्रत्येक विभाजनात चूक होण्याची शक्यता असते. जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्शो यांना १८६३ च्या सुमारास कर्करोगाच्या गाठींत पांढऱ्या पेशी आढळल्या आणि रेंगाळलेला दाह व कर्करोग यांचा संबंध असावा, असे त्यांनी सुचवले.

पित्तवाहिनीचा कर्करोग हे या संबंधाचे एक स्पष्ट उदाहरण आहे. ईशान्य थायलंडमधील खोन केन प्रांतात या कर्करोगाचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्यांपैकी आहे. तेथे नदी-तळ्यांतील मासे कच्चे किंवा अर्धे-कच्चे खाण्याची रीत आहे. त्यांतून ओपिस्थॉर्किस नावाची चपटी कृमी पित्तवाहिनीत शिरते आणि वर्षानुवर्षे तेथे राहून दाह धुमसत ठेवते. १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या कृमीची गणना कर्करोगाच्या सिद्ध कारणांत केली. आपल्याकडे उजनीचा मासा शिजवून किंवा तळून खाल्ला जातो, त्यामुळे ही वाट येथे नाही. पण वाहिनीत दीर्घकाळ राहिलेले खडे, वाहिनीच्या जन्मजात फुगवट्या आणि वाहिन्या कठीण व अरुंद करणारे काही आजार यांतही धोका वाढतो. या साऱ्यांत समान गोष्ट आहे ती रेंगाळलेल्या दाहाची.

रक्तात उमटणाऱ्या खुणा

काटा पायात असला तरी त्याची वर्दी साऱ्या शरीराला जाते. दाहाच्या जागेवरील पेशी इंटरल्यूकिन-६ सारखी निरोप्या प्रथिने रक्तात सोडतात. त्यांचा निरोप यकृताला आणि अस्थिमज्जेला पोचतो, आणि रक्ताची घडण बदलते. हा बदल मोजता येतो. ज्या आकड्यांवरून तो समजतो त्यांना आपण दाहदर्शक म्हणू.

यांतील सर्वांत जुना दर्शक बहुतेकांना परिचित आहे, तो म्हणजे ई.एस.आर. उभ्या नळीत रक्त ठेवले तर तांबड्या पेशी एका तासात किती मिलिमीटर खाली बसतात, हे त्यात मोजतात. दाह असताना रक्तातील काही प्रथिने वाढतात, त्यामुळे तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि लवकर खाली बसतात. पोलंडचे बियरनात्स्की (१८९७) आणि स्वीडनचे फारेयस (१९१८) व वेस्टरग्रेन (१९२१) यांच्या कामातून ही तपासणी रूढ झाली. क्षयरोगाच्या काळात ती घरोघरी माहीत झाली.

दुसरा दर्शक सी.आर.पी., म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस न्यूमोनियाच्या रुग्णांचे रक्त तपासत होते. न्यूमोनियाच्या जंतूपासून वेगळ्या काढलेल्या ‘सी’ नावाच्या घटकाशी रुग्णांचा रक्तद्रव साका तयार करी, आणि रुग्ण बरा झाला की हा गुण नाहीसा होई. ‘सी’शी प्रतिक्रिया करणारे म्हणून त्या प्रथिनाला हे नाव पडले. ते फक्त न्यूमोनियात नव्हे, तर कोणत्याही मोठ्या दाहात यकृत तयार करते, हे पुढे लक्षात आले. निरोगी माणसात ते लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या खाली असते, तीव्र संसर्गात शेकड्यांत जाते. रक्तातील त्याचे प्रमाण निम्मे व्हायला सुमारे १९ तास लागतात, म्हणून कारण दूर होताच ते झपाट्याने उतरते.

तिसरा दर्शक अल्ब्युमिन. तेही यकृतच बनवते. पण दाहाचा निरोप आला की यकृत सी.आर.पी. वाढवते आणि अल्ब्युमिनचे उत्पादन घटवते. जेवण तुटले तरी ते कमी होते. रक्तातील अल्ब्युमिन निम्मे व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात. तेव्हा सी.आर.पी. कालचे सांगते आणि अल्ब्युमिन गेल्या महिन्याचे, असे ढोबळमानाने म्हणता येईल.

चौथा दर्शक नातीने काढलेले गुणोत्तर. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतूंवर पहिला हल्ला करतात. दाहाच्या निरोपाने अस्थिमज्जा त्या मोठ्या संख्येने रक्तात सोडते. लिम्फोसाइट या ओळख ठेवून लढणाऱ्या पेशी. कर्करोगाच्या पेशी ओळखून मारण्याचे कामही त्यांतील काही करतात. शरीर तणावाखाली असताना कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढते आणि रक्तातील लिम्फोसाइट कमी होतात. म्हणून एक अंश वाढतो, दुसरा घटतो, आणि त्यांचे गुणोत्तर दोन्ही बदल एकत्र दाखवते. निरोगी प्रौढांत ते साधारण १ ते ३ असते. २००१ मध्ये स्लोव्हाकियाचे झाहोरेक यांनी अतिदक्षता विभागातील रुग्णांसाठी हे गुणोत्तर सुचवले. त्याला वेगळा खर्च नाही. तालुक्याच्या लॅबमध्ये होणाऱ्या साध्या सी.बी.सी. तपासणीत दोन्ही आकडे असतातच.

आकडे भविष्य कसे सांगतात?

कर्करोगाची गाठ फक्त कर्करोगाच्या पेशींची नसते. तिच्यात रक्तवाहिन्या, तंतू आणि पांढऱ्या पेशी गुंतलेल्या असतात. पित्तवाहिनीच्या कर्करोगाच्या पेशी स्वतःच इंटरल्यूकिन-६ सोडतात, आणि ते त्यांच्याच वाढीला मदत करते. न्यूट्रोफिल तेथे येऊन नव्या रक्तवाहिन्या फुटायला साह्य करणारी द्रव्ये सोडतात आणि लिम्फोसाइटच्या कामात अडथळा आणतात. जंतूंवर धावून जाणारी फौज येथे परक्याच्या कामाला लागते. शिवाय सततच्या दाहाने भूक मरते, स्नायू झिजतात आणि रुग्ण उपचार सोसण्याइतका धडधाकट राहत नाही. दाह जास्त तर पुढील वाटचाल बिकट, या अनुभवामागे अशी कारणे आहेत.

स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे २००३ मध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी एक सोपी गुणपद्धत मांडली गेली. सी.आर.पी. १० पेक्षा जास्त असेल तर एक गुण, अल्ब्युमिन डेसिलिटरमागे ३.५ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर एक गुण. येथे गुण कमी ते चांगले. शून्य गुणांचे रुग्ण दोन गुणांच्या रुग्णांपेक्षा गटशः जास्त काळ जगले. पुढे अनेक कर्करोगांत, पित्तवाहिनीच्याही, असेच आढळले. गुणोत्तराचेही तसेच. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तर गुणोत्तर जास्त असलेल्या गटात मृत्यूचा धोका कमी असलेल्या गटाच्या साधारण दीडपटीच्या आसपास येतो.

‘दीडपट’ हा शब्द ऐकून छातीत धस्स होते. त्याचा अर्थ आकड्यांत उतरवून पाहू. पुढील संख्या केवळ उदाहरणासाठी घेतल्या आहेत. कमी गुणोत्तराच्या १०० रुग्णांपैकी एक वर्षानंतर ६० हयात आहेत असे समजा. धोका सतत दीडपट असेल, तर जास्त गुणोत्तराच्या १०० पैकी साधारण ४६ हयात असतील (०.६ चा दीडावा घात सुमारे ०.४६ येतो). साठ आणि शेहेचाळीस. फरक खरा आहे, दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

आता हाच फरक एका माणसाला लावून पाहू. दुसऱ्या गटातील प्रत्येकाला “तुमचे वर्ष निघणार नाही” असे सांगितले, तर ५४ जणांच्या बाबतीत ते खरे ठरेल आणि ४६ जणांच्या बाबतीत खोटे. नाणे उडवून सांगितले असते तरी निकाल फारसा वेगळा लागला नसता. पहिल्या गटातील सर्वांना “काळजी नको” म्हटले, तर ४० घरांची फसगत होईल. दहावीच्या वर्गातील मुलांची सरासरी उंची नववीच्या मुलांहून जास्त असते. म्हणून नववीतील एखादा मुलगा दहावीतल्या एखाद्याहून उंच नसतो असे नाही. गटांतील फरक आणि व्यक्तीबद्दलचे भाकीत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

तीन सापळे

पहिला सापळा आप्पांच्या रिपोर्टातच आहे. त्यांना थंडी वाजून ताप आला होता. तुंबलेल्या पित्तात जंतूंची वाढ होते आणि पित्तवाहिनीला तीव्र संसर्ग होतो. कावीळ, थंडी वाजून ताप आणि पोटाच्या उजव्या वरच्या भागात वेदना हे या संसर्गाचे त्रिकूट फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८७७ मध्ये वर्णिले. ही तातडीची अवस्था आहे. तीत त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. या संसर्गानेही न्यूट्रोफिल वाढतात, सी.आर.पी. चढते, अल्ब्युमिन उतरते. म्हणजे ६ या आकड्यातला कर्करोगाचा वाटा किती आणि तुंबलेल्या पित्तातील जंतूंचा किती, हे त्या दिवशीच्या रिपोर्टावरून सांगताच येत नाही. दुर्बिणीतून वाहिनीत नळी बसवून पित्ताला वाट करून दिली, प्रतिजैविके दिली आणि काही दिवसांनी पुन्हा रक्त तपासले, तर हेच आकडे ६६ आणि २४, म्हणजे गुणोत्तर २.७५ असेही येऊ शकतात. कर्करोग तोच, माणूस तोच, आकडा निम्म्याहून कमी. स्टेरॉइडच्या गोळ्या, विडी-सिगारेट, अंगमेहनतीचे काम यांनीही हे आकडे हलतात.

दुसरा सापळा सीमारेषेचा. काही अभ्यासकांनी रेषा ३ वर आखली, काहींनी ५ वर, काहींनी मधे कोठेतरी. ३४ आणि ३५ गुण मिळवणाऱ्या मुलांच्या अभ्यासात किती फरक असतो, हे शिक्षकांना सांगायला नको. तरी एक नापास होतो, दुसरा पास. गुणोत्तर २.९ आणि ३.१ यांचेही तसेच आहे. त्यातही अनेक अभ्यासांत ही रेषा रुग्णांचे पुढे काय झाले हे पाहून, फरक सर्वांत ठळक दिसेल अशा जागी ओढलेली असते. निकाल हाती आल्यावर उत्तीर्णतेची रेषा ठरवण्यासारखेच हे आहे. ती रेषा दुसऱ्या रुग्णालयातील नव्या रुग्णांना लावली, की फरक बऱ्याचदा ओसरतो. ज्या अभ्यासांत काहीच फरक सापडला नाही ते छापून येण्याची शक्यताही कमी असते, हे विसरू नये.

तिसरा सापळा मोजणीचा. काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली १०० पांढऱ्या पेशी मोजायच्या, ही जुनी पद्धत अजूनही अनेक ठिकाणी वापरली जाते. १०० पैकी १३ लिम्फोसाइट सापडल्या. त्याच रक्ताच्या दुसऱ्या १०० पेशी मोजल्या तर १० सापडतील किंवा १६ सापडतील. केवळ योगायोगाने एवढा फरक पडणे अगदी स्वाभाविक आहे. न्यूट्रोफिल ७८ च धरले, तरी गुणोत्तर ७.८ पासून ४.९ पर्यंत फिरते. म्हणजे ‘पाचाच्या वर की खाली’ हेही एका मोजणीवर ठरवणे धोक्याचे. यंत्र हजारो पेशी मोजते, म्हणून तेथे ही चूक कमी होते.

मध्यक म्हणजे मुदत नव्हे

या कर्करोगात सर्वांत निर्णायक प्रश्न दाहाचा नसून, गाठ शस्त्रक्रियेने पूर्ण काढता येते का हा आहे. ती पूर्ण निघाली तर पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण साधारण शंभरात २० ते ४० असते. गाठ किती पसरली आहे, रसग्रंथींत गेली आहे का, काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आहेत का, यांवर ते ठरते. दुर्दैवाने बहुतेक रुग्ण उशिरा येतात आणि मग औषधांचाच आधार उरतो. ब्रिटनमध्ये ४१० रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका औषधाऐवजी दोन औषधे एकत्र दिल्याने आयुर्मानाचा मध्यक ८.१ महिन्यांवरून ११.७ महिन्यांवर गेला. पुढे या औषधांच्या जोडीला प्रतिकारशक्तीला चालना देणारी औषधेही आली.

मध्यक आपण दहावीच्या संख्याशास्त्रात शिकवतो. चढत्या क्रमाने मांडलेल्या संख्यांतील मधली संख्या. मध्यक ११.७ महिने म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त काळ जगले. त्यांतील काही पुष्कळच जास्त. अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये पोटाच्या आवरणाचा एक दुर्मीळ कर्करोग झाला. तेव्हा त्या रोगात आयुर्मानाचा मध्यक आठ महिने होता. मध्यकाच्या उजवीकडे लांबवर शेपूट पसरलेले आहे आणि आपण त्या शेपटात असू शकतो, असे त्यांनी १९८५ मध्ये एका निबंधात मांडले. ते आणखी सतरा वर्षे जगले आणि २००२ मध्ये एका वेगळ्याच कर्करोगाने वारले. सर्वांच्या वाट्याला असे येत नाही, हेही खरे. पण मध्यकाला मुदतीची तारीख समजणे ही गणिताची चूक आहे.

मग या दर्शकांचा उपयोग काय? उपयोग आहे. नव्या औषधाची चाचणी घेताना दोन्ही गट समतोल आहेत का, हे त्यांवरून पाहता येते. अल्ब्युमिन कमी दिसले तर शस्त्रक्रियेपूर्वी आहार सुधारता येतो. सी.आर.पी. चढलेले दिसले तर लपलेला संसर्ग शोधता येतो. गाठीचा टप्पा, रुग्णाची शक्ती आणि हे आकडे एकत्र मांडून डॉक्टरांचा अंदाज थोडा सुधारतो. आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. दाह जास्त असलेले लवकर जातात, एवढ्यावरून गुणोत्तर खाली आणले की आयुष्य वाढेल, हे सिद्ध होत नाही. धूर पाहून आग लागल्याचे कळते, धूर पंख्याने घालवून आग विझत नाही.

मोजणारी माणसे

‘शंभरात इतके’ असे म्हणण्यासाठी कोणीतरी शंभर माणसांचा शेवटपर्यंत माग ठेवावा लागतो. मुंबईत १९६३ मध्ये भारतातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. पण ती शहराची होती. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत आली. खेड्यातील रुग्ण रुग्णालयात येतोच असे नाही, म्हणून रुग्णालयाच्या दप्तरात बसून ही मोजणी होणार नव्हती. कार्यकर्ते गावोगाव गेले, लोकांना धोक्याची लक्षणे समजावून सांगितली, संशयित रुग्णांना तपासणीला आणले. बावड्याच्या पूर्वेला जेमतेम एका जिल्ह्याच्या अंतरावर हे काम झाले. थायलंड किंवा ग्लासगो येथील रुग्णांवर ठरलेली सीमारेषा आपल्या माणसांना लागू पडते का, हे ठरवायचे तर अशाच चिकाटीच्या नोंदी लागतात.

माळ आणि भागाकार

आता पुन्हा आप्पांच्या घरी येऊ. तेथे दोन चुका झाल्या. पहिली माळेची. कावीळ बहुतेकदा विषाणूंमुळे होते आणि अशी कावीळ बऱ्याच जणांत काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्या काळात गळ्यात माळ असली तर श्रेय माळेला जाते. माळ दिवसेंदिवस लांबते, कारण तिच्यातील ओल्या काड्यांचे तुकडे वाळून आकसतात आणि गाठी सैल होतात. वाहिनी अडल्याने झालेली कावीळ मात्र अशी उतरत नाही, आणि या तीन आठवड्यांत शस्त्रक्रियेची संधी हातची जाऊ शकते. दुसरी चूक भागाकाराची. तिने उपचार मिळण्याआधीच घराचा धीर सुटला. वरवर पाहता एक अडाणीपणाची आणि दुसरी शिकलेल्याची वाटते, पण चूक एकच आहे. दोन्हीकडे तुलना करायची राहून गेली.

म्हणून वर्गासाठी दोन प्रयोग सुचवतो. तशी एक माळ करून ती वर्गातील खिळ्याला टांगावी आणि रोज तिची लांबी मोजून फळ्यावर लिहावी. खिळ्याला कावीळ झालेली नसते. दुसरा प्रयोग असा. एका डब्यात ८७ पांढरे आणि १३ लाल मणी घालावेत. डोळे मिटून एक मणी काढायचा, रंग लिहायचा, मणी परत टाकायचा, असे १०० वेळा करावे. प्रत्येक मुलाने आपली लाल मण्यांची संख्या सांगावी आणि वर्गाच्या सर्व संख्यांचा स्तंभालेख काढावा. १३ ऐवजी कोणाला ९ मिळतील, कोणाला १७. डबा तोच असताना आकडा कसा बदलतो, हे मुलांना स्वतःच्या हाताने कळेल.

त्याच तासाला मुलांना घरी सांगायला एक गोष्टही द्यावी. कावीळ दोन आठवड्यांत उतरली नाही, किंवा आधीपासूनच शौच पांढुरके आणि अंगाला खाज असेल, तर सोनोग्राफी करून घ्यावी. त्यासाठी इंदापूर, अकलूज, बारामती जवळ आहेत. थंडी वाजून ताप असेल तर त्याच दिवशी निघावे. आणि रिपोर्टावरील गुणोत्तर ६ आले, तर ते डॉक्टरांना दाखवून विचारावे, “हे संसर्गामुळे असेल का? पित्ताला वाट करून दिल्यावर पुन्हा कधी तपासायचे?” आप्पांच्या नातीला हे दोन प्रश्न सुचले, तर तिचा भागाकार वाया गेला नाही असे आम्ही म्हणू.